एका गुंठ्याचे अर्थशास्त्र

(पुण्यातील एका सार्वजनिक वाचनालयाने भरविलेल्या परसबाग-वर्गाच्या समारोपप्रसंगी अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



पुण्यात वसंत ऋतू आंब्याच्या मोहोरापेक्षा व्याख्यानांच्या जाहिरातींनी अधिक ओळखला जातो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ऊन चढू लागले की पुणेकर ऐकावयास बसतो. त्या रिवाजाला अनुसरून तुम्ही मलाही पाचारण केलेत. पण गेले चार रविवार तुम्ही येथे माती कालवीत होता. भेंडीचे बी रात्रभर भिजत घालून सकाळी टोचलेत, दोडक्याला आणि कारल्याला मांडव बांधलात, गवार कुंडीत का रुसते याची चर्चा केलीत. संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागल्यापासून होळीपर्यंतचा हा काळ उन्हाळी भाजीच्या पेरणीचा. तो तुम्ही साधला आहे. लागवडीविषयी तुम्हाला सांगावे असे माझ्यापाशी काही नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा तुमच्या भाजीचा हिशेब मांडावा आणि त्या हिशेबातून एखादी मागणी निघते काय ते पाहावे, एवढाच माझा इरादा आहे.

वर्गाच्या पत्रकात ‘भाजीत स्वावलंबन’ असे शब्द छापले आहेत. स्वावलंबन हा शब्द मला प्रिय आहे, आणि म्हणूनच तो तराजूत घालून पाहिला पाहिजे. प्रौढ माणसाला रोज निदान ३०० ग्रॅम भाजी हवी, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वर्षानुवर्षे सांगत आली. अलीकडे तर तिने हे प्रमाण वाढविले आहे. आपण जुना, कमी आकडाच धरू. चौघांच्या कुटुंबाला दिवसाला सव्वा किलोच्या आत-बाहेर, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ४३८ किलो भाजी लागते. आता उत्पादनाची बाजू पाहा. आपल्या देशात भाजीपाल्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी १८ टनांच्या जवळपास आहे. म्हणजे एका चौरस मीटरला एका पिकात १.८ किलो. गच्चीवर शंभर चौरस फूट जागा मिळाली तर ती ९.३ चौरस मीटर भरते. एका पिकाला १७ किलो, वर्षातून तीन पिके घेतली तर ५० किलो. म्हणजे माणशी रोज ३४ ग्रॅम. आमटीत पडणारी कोथिंबीर आणि वर मूठभर भेंडी! तुमच्यातील काहीजण शेतकऱ्यापेक्षा दुप्पट उत्पन्न काढतील, हे मी मान्य करते, कारण कुंडीवर जितकी माया होते तितकी एकरावर करता येत नाही. पण दुप्पट झाले तरी ते चौथ्या हिश्शाच्या पुढे जात नाही.

पाण्याचाही हिशेब असाच सरळ आहे. चैत्र-वैशाखात पुण्याच्या उन्हात भाजीच्या वाफ्यातून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जाते आणि एका चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. तुमच्या शंभर चौरस फुटांना रोज पन्नास लिटर पाणी लागेल. तापलेल्या स्लॅबवर ठेवलेल्या कुंडीला त्याहूनही जास्त. रुपयांत मोजावयाचे तर पन्नास किलो भाजी साठ रुपये किलोने तीन हजारांची होते. त्यातून पिशव्या, बी, निंबोळी पेंड आणि दुकानातून आणलेले कोकोपीट वजा करा. पहिल्या वर्षी ताळेबंद तुटीचाच निघतो.

मग हा उद्योग करूच नये की काय? अवश्य करावा. चवळईचा किंवा राजगिऱ्याचा वाफा एकदा पेरला की तीनदा खुडता येतो, आणि मे महिन्यात बाजारातली पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते तेव्हा ताटात ताजे पान येणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ज्याने एकदा टोमॅटोचा फुलोरा उन्हाने गळताना पाहिला, तो मंडईत भाजीवाल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालीत नाही, निदान घालू नये. पण ही गच्चीबाग झाली. तिला स्वावलंबन म्हणणे म्हणजे पोस्टातील बचत खात्याला भांडवल म्हणण्यासारखे आहे.

आता हाच हिशेब जरा मोठ्या जागेवर करून पाहू. एक गुंठा जमीन घ्या. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद; सुमारे १०१ चौरस मीटर. तीन पिकांचे मिळून ५४५ किलो होतात. त्यातील पाचवा हिस्सा पाऊलवाटा, खतखड्डा आणि अवजारे ठेवण्याच्या जागेसाठी सोडून द्या. उरते ती भाजी साधारण ४३६ किलो. चौघांच्या कुटुंबाची गरज ४३८ किलो होती. मित्रहो, हा आकडा मी जुळवून आणलेला नाही. सरासरीच्या गणिताने तो आपसूक जुळला आहे. व्यवहारात कीड, रोग, पाहुणे आणि माकडे यांचा वाटा निघेल, त्यामुळे तो काटेकोर समजू नका. पण मोजमापाची पातळी त्यातून कळते. शंभर चौरस फुटांत विरंगुळा मिळतो. एका गुंठ्यात कुटुंबाची भाजी निघते. श्रीपाद अच्युत दाभोलकर या गणिताच्या प्राध्यापकाने प्रयोग परिवाराच्या द्वारे आयुष्यभर हेच मांडले, आणि ‘प्लेन्टी फॉर ऑल’ या १९९८ च्या पुस्तकात दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोट कसे भरेल याचा विचार केला. विद्यापीठीय अर्थशास्त्राने त्यांची दखल घ्यावी तशी घेतली नाही. आम्हाला हेक्टर कळतात, गुंठे कळत नाहीत.

पुण्याला मात्र गुंठा चांगलाच कळतो. इथे गुंठा हे जमीन विकण्याचे माप झाले आहे. जमीन विकून गळ्यात सोन्याची साखळी घालणाऱ्याला ‘गुंठामंत्री’ म्हणण्याची रीत याच जिल्ह्यात पडली. त्या शब्दातील उपहास मला रुचत नाही. उपहासाचा धनी तो विकणारा शेतकरी होतो आणि त्याच गुंठ्यावर दहा मजले चढवून कैक पटींनी कमावणारा सन्माननीय उद्योजक ठरतो.

शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी निवडलेले गाव होते पिंपळे सौदागर. १७७१ साली त्या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, असे त्यांनी कागदपत्रांवरून दाखविले. सात एकरांत कुटुंबाचा निर्वाह होत नाही म्हणून माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मजुरीला जातात, हेही त्यांनी नोंदविले. हा ग्रंथ मी पदव्युत्तर वर्गांना कित्येक वर्षे शिकवला. आज त्या पिंपळे सौदागरात एकर ही भाषाच उरलेली नाही. तेथे चौरस फूट बोलला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या गावाचे नाव ओळखीचे वाटते ते सदनिकांच्या जाहिरातींमुळे.

शहरात तरी निराळे काय झाले? तुळशीबाग, मोतीबाग, हिराबाग, सारसबाग ही नावे उच्चारून पाहा. कात्रजहून नळाने पाणी आणून पेशव्यांनी ज्या शहरात बागा फुलविल्या, त्या शहरात आज ‘बाग’ हे बहुतेक ठिकाणी केवळ पत्त्यातील एक अक्षर उरले आहे. महात्मा फुल्यांचे तर आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलेले. ते स्वतः मांजरीला बागायत करीत, शेतमालाचा व्यापार त्यांना आतून ठाऊक होता. नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी नव्या मंडईच्या खर्चाला विरोध केला, तो पैसा शिक्षणावर खर्चावा म्हणून. १८८६ साली ती इमारत ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिलीच आणि पुढे तिलाच फुल्यांचे नाव देण्यात आले! पुण्याची विरोधकांना सन्मानित करण्याची पद्धत अशी आहे. असो.

येथे एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो आपल्या विचाराच्या माणसाने घेतलाच पाहिजे. शहरातील माणूस आपली भाजी आपण पिकवू लागला तर जुन्नरच्या, पुरंदरच्या शेतकऱ्याने काय करावे? २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला तेव्हा वृत्तपत्रांत हाहाकार माजला, आणि दोन-अडीच महिन्यांत भाव इतका कोसळला की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्या दुसऱ्या बातमीला पहिलीच्या मानाने किती जागा मिळाली, ते ज्याचे त्याने आठवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या अभ्यासपत्राप्रमाणे ग्राहक टोमॅटोवर जो रुपया खर्च करतो, त्यातील सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. ६७ पैसे वाटेत राहतात. तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान तुमच्या कुंडीने होईल ही भीती निराधार आहे. त्याचे नुकसान आधीच होऊन चुकले आहे आणि ते वाटेत होते. आणि ज्या कुटुंबाविषयी मी पुढे बोलणार आहे, ते आज भाजी विकतच घेत नाही किंवा संध्याकाळी उरलेली, ढिगाने विकली जाणारी घेते. त्याने स्वतःची पालेभाजी पिकविली तर कोणाचे गिऱ्हाईक तुटत नाही.

ते कुटुंब कोणते, हे सांगावयास हवे. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एक बाई पर्वतीच्या उतारावरील वस्तीत राहतात. मूळच्या दुष्काळी मुलुखातल्या. माहेरी कोरडवाहू शेती. माझ्या गच्चीवरच्या मिरच्या बघून त्यांनी मला दोन सूचना केल्या, त्या तुमच्या वर्गातील कोणत्याही तज्ज्ञाने मान्य कराव्यात अशा होत्या. मी सहज म्हटले, ‘‘तुम्हीही चार डब्यांत काही लावा की.’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘माती ठेवायला जागा कुठंय ताई? पाण्याचा पिंप ठेवायचा म्हटलं तरी भांडण होतंय.’’ तरीही त्यांच्या पत्र्यावर गोडेतेलाच्या डब्यात एक कढीपत्ता आहे आणि अर्ध्या गल्लीची फोडणी त्यावर चालते.

या वाक्यात पुण्यातील परसबागेचे सगळे अर्थशास्त्र आले आहे. ज्यांना शेतीचे ज्ञान आहे, ज्यांच्या मनगटात कष्ट आहेत, ज्यांच्या ताटात भाजीची खरी वाण आहे, त्यांच्यापाशी माती, पाणी आणि ऊन यांपैकी काहीच नाही. झोपडपट्टीत ऊनसुद्धा दुर्मीळ असते. दोन पत्र्यांच्या फटीतून ते तासभर येते. उलट ज्यांच्यापाशी गच्ची आहे, नळाला पाणी आहे आणि निवृत्तिवेतनामुळे सवडही आहे, त्यांना बी कसे टोचावे यासाठी वर्ग लावावा लागतो. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. मीही त्याच गच्चीवर उभी आहे. पण धोरणही त्याच गच्चीकडे पाहून आखले जाते. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचे संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक योजना राबविणाऱ्याला मिळकत करात ५ टक्के आणि दोन राबविणाऱ्याला १० टक्के सवलत देत आली आहे. योजना स्तुत्य आहे. पण सवलत ज्याला मिळकत आहे त्यालाच मिळणार. ज्याच्या नावावर भिंतच नाही, त्याला करातून किती टक्के सोडणार?

आणि घराच्या आतही एक वाटणी असते. बी आणणे, मांडव उभारणे, पहिली काकडी छायाचित्रासाठी हातात धरणे ही कामे बहुधा पुरुष करतात. एप्रिलच्या दुपारनंतर तांदूळ धुतलेले पाणी साठवून बादलीने गच्चीवर नेणे हे काम कोणाच्या वाट्याला येते, ते समोर बसलेल्या भगिनींना विचारा.

मग उपाय काय? तो नवा नाही आणि माझ्या कल्पनेतला तर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनींना कुंपणे घातली गेली. त्यांवर गुरे चारणारा, सरपण वेचणारा गरीब उघड्यावर पडला. आपल्याकडील गायरानांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगावयास नको. असंतोष वाढला तेव्हा १८४५ च्या कायद्याने कुंपण घालताना कष्टकरी गरिबांसाठी जमिनीचा तुकडा राखावा, अशी तरतूद झाली. प्रत्यक्षात राखली गेलेली जमीन नगण्य होती. पण तत्त्व मान्य झाले, आणि लोकांनी ते सोडले नाही. १९०८ च्या कायद्याने ते हक्काच्या जवळ आणले. गावातील किंवा शहरातील सहा मतदारांनी लेखी मागणी केली की स्थानिक संस्थेला तिचा विचार करणे भाग पडते, आणि मागणी असेल तेथे असे वाफे पुरविणे हे तिचे कर्तव्य ठरते. नेहमीचा वाफा २५० चौरस मीटरांचा, आपले अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात अशा वाफ्यांची संख्या १४ लाखांच्या घरात गेली होती; पुढे ती घसरली, तरी आजही तीनेक लाख आहेत आणि कित्येक शहरांत त्यांसाठी प्रतीक्षायादी असते. १९२५ च्या कायद्याने यासाठीच घेतलेली जमीन सरकारच्या संमतीवाचून विकताही येत नाही. जर्मनीतही लाइप्झिगपासून पसरलेली अशीच परंपरा आहे. तेथील १९८३ च्या कायद्याने एका वाफ्याची कमाल मर्यादा ४०० चौरस मीटर ठेवली, आणि निदान एक तृतीयांश जागेत फळे-भाज्याच हव्यात असे न्यायालयाने ठरविले, म्हणजे हिरवळीवर खुर्च्या टाकून बसणाऱ्यांचे त्यावर राज्य होऊ नये!

क्यूबाचे उदाहरण आपल्या मंडळींना विशेष आवडते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल आणि खत बंद झाले, तेव्हा हवाना शहराने मोकळ्या जागांत सेंद्रिय भाजीचे वाफे उभे केले, हे खरे आहे. पण त्या देशाला आजही बरेचसे अन्न बाहेरून आणावे लागते, हेही खरे आहे. ते झाकून ठेवू नये. भाजीने धान्याचा प्रश्न सुटत नाही. इतक्या लांब जाण्यापेक्षा केरळकडे पाहावे. तेथे १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या बायका गटागटाने पडीक जमीन खंडाने घेतात आणि पिकवितात.

‘अलॉटमेंट’ हा इंग्रजी शब्द मी मुद्दाम टाळते. आपल्याकडे त्याचा अर्थ म्हाडाची सोडत. मी ‘सार्वजनिक वाफा’ म्हणेन. मालकी महापालिकेची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा.

पुण्यात जागा कोठे आहे, असा प्रश्न येईलच. जागा नव्हती असे नाही. ती कोणाकडे जावी हे वेळोवेळी ठरविले गेले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने पुण्यासारख्या शहरात १,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे, ही मोकळ्या जमिनीची मर्यादा घातली आणि वरची जमीन समाजाची मानली. त्या कायद्यात पळवाटा होत्या, भ्रष्टाचार होता, अंमलबजावणी दुबळी होती. पण २००७ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने तो गुंडाळला तेव्हा पळवाटा बुजविल्या गेल्या नाहीत. मूळ वाटच बंद केली गेली. आता २०२५ साली शासनाने शहरी भागात एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांचे व्यवहार मोकळे करण्याचे जाहीर केले. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन एक गुंठा घेतला त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली, याचा मला आनंद आहे. एक गुंठा खासगी व्यवहारात वैध ठरू शकतो, तर सार्वजनिक हितासाठी तो का मोजला जाऊ नये, एवढेच मी विचारते.

२०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेत घेण्यात आली. मोठे बांधकाम करताना विकसकाने सार्वजनिक सुविधांसाठी सोडलेल्या जागा महापालिकेच्या ताब्यात येतात. २०२१ साली अशा कित्येक जागा दीर्घ मुदतीच्या कराराने खासगी संस्थांना देण्याचा प्रस्ताव आला आणि नागरी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या चर्चेत दवाखाना, शाळा, क्रीडांगण, उद्यान ही नावे निघाली. भाजीचा वाफा कोणालाही सुचला नाही. उद्यान म्हणजे लोखंडी कठडा, कारंजे, ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी आणि अकरा वाजता बंद होणारे फाटक, ही आपली समजूत. माणूस तेथे पाहुणा असतो. दवाखान्याच्या आणि शाळेच्या जागा मी मागत नाही. उच्चदाबाच्या वीजतारांखाली जेथे घर बांधता येत नाही त्या पट्ट्या, उद्यानांचे पडीक कोपरे, शाळांच्या मागील अंगणे, आणि आरक्षण असून वर्षानुवर्षे गवत वाढत असलेली मैदाने यांपासून सुरुवात होऊ शकते. वापर होईपर्यंत तीन-तीन वर्षांच्या कराराने दिली तरी चालेल.

पाण्याचे कोडे अवघड आहे आणि ते मी सोपे करून सांगणार नाही. एका गुंठ्यावरील ऐंशी चौरस मीटर वाफ्यांना ऐन उन्हाळ्यात रोज साडेचारशे लिटर पाणी लागेल. चौघांना माणशी १३५ लिटरच्या प्रमाणाने मिळावयाचे पाणी ५४० लिटर. वस्तीतल्या नळावर भांडणे होत असताना पिण्याचे पाणी भाजीला घालणे हा गुन्हा ठरेल. तेव्हा शुद्ध केलेले सांडपाणी घ्यावे लागेल, ते ठिबकने मुळाशीच द्यावे लागेल, पानावर पडू द्यायचे नाही. त्याची तपासणी नियमित हवी, आणि कच्ची खाण्याची काकडी, मुळा, कोथिंबीर त्यावर लावू नये. नदीकाठच्या मैलापाण्यावर वाढलेली भाजी कोणी खाऊ नये हे मी ठासून सांगते. ही व्यवस्था होत नसेल तेथे पावसाळी आणि हिवाळी अशी दोनच पिके घ्यावीत. उन्हाळ्यात जमीन तापू द्यावी. जुना शेतकरीही तेच करीत असे.

आच्छादनाने पाणी बरेच वाचते, आणि आच्छादन पुण्यात फुकट आहे. आता याच फाल्गुनात रस्तोरस्ती पानगळ होते. ती पाने झाडून ढीग करून पेटवून देण्याची रीत आपण अजून सोडलेली नाही. २०१६ पासून ‘ब्राऊन लीफ’ ही पुण्यातील चळवळ ज्यांच्याकडे पाने आहेत त्यांची आणि ज्यांना पाने हवी आहेत त्यांची गाठ घालून देते. हे काम तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

खताचा प्रश्न मात्र पानांवर संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे नगरपालिका मैल्यापासून केलेले सोनखत विकत असे आणि उसाचे बागायतदार त्यासाठी पैसे मोजीत. ‘सोनखत’ हा शब्द किती सुंदर! पण ते सोने ज्यांच्या डोक्यावरून वाहिले गेले, त्यांची सावलीही बागायतदाराला चालत नव्हती. जमिनीला चालणारे माणसाला चालत नसे. आज शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारून आपण तेथील विहिरी नासवल्या. गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या तेव्हा कुठे ओला-सुका कचरा आपल्याला वेगळा करता येऊ लागला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, तिच्यातून २००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हक्काने तिच्याकडे आले. माझे म्हणणे असे की सार्वजनिक वाफ्यांची पहिली वाटणी करावयाची झाली तर या बायकांचा क्रमांक पहिला लागला पाहिजे. शहराची माती त्यांनीच परत मिळवून दिली आहे. खत त्यांनी करावे आणि वाफा गच्चीवाल्यांनी घ्यावा, अशी जुनीच वाटणी नव्या नावाने होता कामा नये.

‘वाफा दिला की उद्या तेथे झोपडी उभी राहील’, असे एका सभेत मला ऐकविण्यात आले. म्हणणारे गृहस्थ ज्या इमारतीत राहतात, तिच्या मोकळ्या सोडलेल्या जागेत चारचाकी वाहनांसाठी पत्र्याची शेड आहे. अतिक्रमण हा शब्द आपल्याकडे माणसाची ऐपत पाहून वापरला जातो. तरीही शंकेला उत्तर द्यावयास हवे. वाफा कुटुंबाच्या नावे, शक्यतो स्त्रीच्या नावे, तीन वर्षांचा करार, एक हंगाम पडीक ठेवला तर पुढच्या कुटुंबाला, पक्के बांधकाम नाही, पोटभाडे नाही, देखरेख वाफेकऱ्यांच्याच सहकारी मंडळाची. हे सर्व इंग्लंड-जर्मनीत शतकभर चालले आहे. आपल्याकडे सहकाराची परंपरा साखर कारखान्यांना पुरली, ती वांग्या-भेंडीला पुरणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

भाडे घ्यावे की नाही, यावर आपल्यातच मतभेद होतील. माझे मत असे की नाममात्र का होईना, घ्यावे. फुकट दिलेली गोष्ट कृपा ठरते आणि कृपा काढून घेता येते. भाड्याच्या पावतीवर मात्र तारीख आणि शिक्का असतो. आमच्या त्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पावतीविषयीच: ‘‘पावती माझ्या नावाची मिळंल का?’’

२०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षे या शहरात निवडून आलेले सभागृहच नव्हते. कोणाकडे मागणी करावी हेच कळत नसे. म्हणून यावेळी अर्ज आयुक्तांनाही करावा आणि आपापल्या प्रभागातील लोकप्रतिनिधींनाही. प्रत्येकाने आपल्या घराजवळची एक पडीक सार्वजनिक जागा हेरावी, पावलांनी मोजावी, तेथे किती तास ऊन येते आणि जवळ पाणी कोणते आहे ते लिहावे. इंग्लंडच्या कायद्याला सहा सह्या पुरतात, येथे साठ माणसे बसली आहेत. पण त्या सह्यांत निम्म्याहून अधिक शेजारच्या वस्तीतील असाव्यात, एरवी तो अर्ज मी पुढे पाठविणार नाही. मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात भाड्याची रक्कम मुद्दाम कोरी सोडली आहे. ती वस्तीतल्या लोकांना विचारून भरावयाची आहे.